रेणुकेचे पाय भाजले तेव्हा

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर शरपंजरी पडलेल्या भीष्मांना विचारतो, की श्राद्धात छत्री आणि जोडे दान देतात, ही चाल कुणी पाडली? भीष्म उत्तरादाखल जमदग्नी आणि रेणुकेची गोष्ट सांगतात. ज्येष्ठ महिन्यातलं ऊन. जमदग्नी धनुष्य घेऊन बाणामागून बाण सोडतो आहे आणि रेणुका धावत जाऊन ते वेचून आणते आहे. सूर्य डोक्यावर येतो तरी खेळ थांबत नाही. एका फेरीला तिला परतायला उशीर होतो. जमदग्नी चिडून जाब विचारतो तेव्हा ती सांगते, डोकं तापलं, पाय भाजले, म्हणून क्षणभर झाडाच्या सावलीला थांबले. जमदग्नी तेच धनुष्य सूर्यावर रोखतो. सूर्य ब्राह्मणाच्या रूपात खाली येतो आणि समजावू पाहतो, की सूर्याच्या तापामुळेच पाऊस पडतो, धान्य पिकतं, आणि सतत फिरणाऱ्यावर नेम तरी कसा धरणार? जमदग्नी म्हणतो, भर दुपारी तू अर्धा निमिष थांबतोस, तेव्हाच वेध घेईन. मग सूर्य शरण येतो आणि दोन वस्तू देतो: डोक्यासाठी छत्री, पायांसाठी चामड्याच्या वहाणा.

पादत्राणांच्या जन्माच्या कथा जगात अनेक असतील, मला ही सगळ्यांत जवळची वाटते. हिच्यात वहाण राजाच्या थाटासाठी जन्मत नाही. उन्हात राबणाऱ्या एका बाईचे तळवे पोळले म्हणून ती जन्मते. ऊन काही कमी होत नाही, ते होणारही नाही, पण उपाय मिळतो. ही रेणुका आपल्याला परकी नाही. माहूरगडावर हीच रेणुका साडेतीन शक्तिपीठांपैकी एक म्हणून पुजली जाते. आणि भीष्मांनी सांगितलेली चालही सुटलेली नाही. आजही तेराव्याला छत्री आणि चपला दान देणारी घरं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. यमलोकाची वाट तापल्या वाळूची आणि काट्यांची, तिथे गेलेल्या माणसाचे पाय पोळू नयेत, ही त्यामागची समजूत.

गंमत अशी, की ज्या सूर्याने वहाणा दिल्या तो स्वतः मूर्तीत बूट घालून उभा असतो. आपले बहुतेक देव अनवाणी. भिक्षाटनाला निघालेल्या शिवाच्या पायात फार तर खडावा दिसतात. उत्तर भारतातल्या सूर्यमूर्तींच्या पायांत मात्र गुडघ्यापर्यंतचे बूट असतात. कोणार्कच्या मूर्तीही पाहा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत सूर्याला ‘उदीच्य’ म्हणजे उत्तरेकडचा वेष द्यावा, पायांपासून छातीपर्यंत अंग झाकलेलं असावं, असं सांगून ठेवलं आहे. हा वेष कुठून आला याचा माग अभ्यासक कुषाणांपर्यंत नेतात. मथुरेजवळच्या माट गावी १९११ साली कुषाण राजा कनिष्काचा शीर नसलेला पुतळा सापडला. त्याच्या अंगात लांब डगला आहे आणि पायात जाडजूड बूट. मध्य आशियातल्या थंडीत घोड्यावर वाढलेल्या लोकांचा तो पोशाख. त्यांच्याबरोबर तो इथे आला आणि सूर्यदेवाच्या अंगावर चढला. दक्षिणेतला सूर्य मात्र अनवाणीच राहिला.

मुळात पादत्राणाचे दोन वंश आहेत, एक उन्हाचा आणि एक थंडीचा. उन्हाच्या मुलखात तळवा वाचवायचा आणि बाकी पाय मोकळा सोडायचा. थंडीच्या मुलखात सगळा पाय गुंडाळायचा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात फोर्ट रॉक नावाची गुहा आहे. तिथे १९३८ साली ल्यूथर क्रेसमन यांना ज्वालामुखीच्या राखेखाली झुडपाच्या सालीपासून विणलेल्या सपातांचा ढीग मिळाला. त्या नऊ हजार वर्षांहून जुन्या आहेत. दुसऱ्या वंशाचा पुरावा आर्मेनियातल्या अरेनी गावच्या गुहेत २००८ साली हाती लागला. साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा बूट, गाईच्या एकाच सलग कातड्यातून कापलेला, पुढे आणि मागे चामड्याच्याच वादीने आवळलेला. गुहा कोरडी आणि थंड, वर मेंढ्यांच्या लेंड्यांचा घट्ट थर, त्यामुळे नाडीसकट तो शाबूत राहिला. आत गवत भरलेलं होतं. ते ऊब मिळावी म्हणून होतं की आकार टिकावा म्हणून, हे ठरवता आलेलं नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या ‘ओट्झी’च्या बुटांतही वाळलेलं गवत होतं. त्या बुटांचा तळ अस्वलाच्या कातड्याचा आणि वरचा भाग हरणाच्या.

फोर्ट रॉकच्या सपातांहून मागे वस्तू सापडत नाहीत, कारण चामडं कुजतं आणि साल मातीत मिसळते. एरिक ट्रिंकॉस या मानववंशशास्त्रज्ञाने म्हणून वेगळी वाट धरली. त्याने चपला शोधण्याऐवजी पायाची हाडं तपासली. अनवाणी चालणारा माणूस पायाची धाकटी बोटं जमिनीत रोवत चालतो, त्यामुळे ती हाडं दणकट होतात. तळव्याखाली आधार आला की त्यांचं काम घटतं आणि ती नाजूक होतात. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत पायाची लांब हाडं मजबूत राहिली, पण धाकटी बोटं मात्र बारीक झालेली दिसली. माणूस तेव्हापासून काहीतरी पायात घालू लागला असावा, असं त्याचं अनुमान आहे.

आपल्याकडे पादत्राणांचा सर्वांत तपशीलवार जुना मजकूर मिळतो तो बौद्ध भिक्खूंच्या नियमांत. विनयपिटकातल्या महावग्गात चामड्यावर एक आख्खा खंधक, म्हणजे प्रकरण, आहे. चंपानगरीचा सोण कोळिविस हा श्रीमंत घरातला, लाडात वाढलेला तरुण भिक्खू होतो. पाय इतके कोवळे, की येरझाऱ्या घालून ध्यान करताना वाट रक्ताने माखते. बुद्ध त्याला एकपदरी तळाच्या वहाणा घालायची मुभा देतात. सोण म्हणतो, एवढं वैभव सोडून आलो, आता वहाणांपुरता वेगळा होऊ का? सगळ्या संघाला परवानगी असेल तर मीही घालीन. मग ती सगळ्यांना मिळते. पुढे नियमांची यादी वाढत जाते, आणि त्या यादीतूनच त्या काळचा बाजार दिसतो. निळ्या, पिवळ्या, तांबड्या, काळ्या वहाणा नकोत. विंचवाच्या नांगीसारखी टोकं काढलेल्या नकोत, मोरपिसं शिवलेल्या नकोत, कापूस भरलेल्या नकोत, सिंह-वाघ-बिबट्याच्या कातड्याच्या नकोत. लाकडी पादुका तर मुळीच नकोत, कारण काही भिक्खू पहाटे उठून त्या खडखड वाजवत गप्पा मारत फिरायचे आणि ध्यानाला बसलेल्यांचं चित्त ढळायचं. मनाई करावी लागली याचा अर्थ हे सगळं विकलं जात होतं आणि लोक हौसेने घालत होते.

त्याच खंधकात आपल्या मुलखासाठी एक सवलत आहे. अवंती आणि दक्षिणापथातले भिक्खू निरोप पाठवतात, की इकडची जमीन काळी, वरून खडबडीत, गुरांच्या खुरांनी उखणलेली आहे. एकपदरी तळ इथे टिकत नाही. बुद्ध सीमेवरच्या प्रदेशांसाठी अनेकपदरी वहाणांना परवानगी देतात. उन्हाळ्यात काळ्या रानातून चाललेल्या कुणालाही हे वर्णन पटेल. चिखलात उमटलेले बैलांचे खूर वाळून दगडासारखे होतात आणि त्यांच्या कडा तळव्याला कापतात. दख्खनच्या वहाणेचा जाड थर आला असावा तो या जमिनीमुळे.

इथवर झाली उपयोगाची गोष्ट. पण वहाण नुसती उपयोगाची वस्तू कधीच राहिली नाही. ती पायाखाली असते, म्हणून तिच्यात अपमान भरला गेला. ती पूज्य माणसाच्या पायाला लागलेली असते, म्हणून तिच्यात पावित्र्यही भरलं गेलं. इजिप्तचा तरुण राजा तुतनखामेन याच्या थडग्यात सापडलेल्या एका चपलजोडीच्या तळावर हात बांधलेल्या शत्रूंची चित्रं आहेत. राजा चालेल तेव्हा पावलागणिक शत्रू तुडवला जावा, ही योजना. आणि इकडे रामायणात भरत रामाच्या पादुका डोक्यावर घेतो, त्यांना सिंहासनावर ठेवतो आणि स्वतः नंदिग्रामात राहून त्यांच्या नावाने चौदा वर्षं राज्य चालवतो. महाराष्ट्राने तर पादुकांची एक मोठी परंपराच उभी केली. नृसिंहवाडी, औदुंबर, गाणगापूर ही दत्तस्थानं पादुकांची. आषाढीला आळंदीहून ज्ञानोबांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुकाच पालखीत बसून पंढरीला जातात. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं. लाखो माणसं पायी चालतात ती पादुकांच्या मागून.

ज्या समाजाने पादुका डोक्यावर घेतल्या त्यानेच वहाण करणाऱ्याला वेशीबाहेर ठेवलं. ही विसंगती संतांना बोचली होती. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याण नगरीत हरळय्या नावाचे चर्मकार शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, होते. लोक सांगतात, की बसवण्णांनी त्यांच्या एका नमस्काराला दोनदा नमस्कार केला. हे ऋण फेडायचं म्हणून हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने आपल्या मांडीचं कातडं काढून जोडे शिवले. बसवण्णा म्हणाले, हे घालण्याची माझी योग्यता नाही. पुढे हरळय्यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मण घरातून आलेल्या मधुवरसांच्या मुलीशी झाला आणि बिज्जळ राजाने दोघांही बापांना देहान्त शासन दिलं. आजही आपल्याकडे उपकाराखाली दबलेला माणूस म्हणतो, तुझ्यासाठी माझ्या कातड्याचे जोडे केले तरी फिटणार नाही. तिकडे काशीत चामड्याचं काम करत भक्ती करणारे संत रोहिदास महाराष्ट्रातही घराघरांत पोचले. त्यांच्या नावाचं चर्मोद्योग महामंडळ आज राज्यात आहे.

माझ्या मते वहाणेचा खरा इतिहास ती कुणी कुणाला घालू दिली, यात आहे. गावोगावी दलितांना सवर्णांच्या वस्तीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. वाड्यापुढून चपला घालून गेला म्हणून मार खाल्लेल्यांच्या आठवणी दलित आत्मकथनांत आहेत. छत्रीचंही तेच. स्त्रियांचीही तीच गत होती. एकोणिसाव्या शतकात काशीबाई कानिटकर आणि पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी पायात जोडे घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्यावर निघाल्या तेव्हा त्यांच्यावर दगड मारले गेले, असं स्त्री-इतिहासाच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. बाईने पुरुषाच्या मानाच्या खुणा पळवल्या, हा त्यांचा गुन्हा. महाभारतात सूर्याने ज्या दोन वस्तू एका बाईसाठी दिल्या, नेमक्या त्याच दोन. पुराणं येता-जाता तोंडावर फेकणाऱ्यांना ही गोष्ट तेव्हा आठवली नाही, याचा मला आजही राग येतो.

समजुतींचं जग याला लागूनच आहे. शनिवारी देवळाबाहेर चप्पल चोरीला गेली तर हळहळायचं नाही, साडेसाती गेली म्हणायचं. काहीजण तर पीडा जावी म्हणून शनीच्या देवळाबाहेर मुद्दाम जुनी जोडी सोडून येतात. शनी हा सूर्याचाच मुलगा, तेव्हा बापाने दिलेली वस्तू मुलगा घेऊन जातो असं म्हणायला हरकत नाही. चप्पल उलटी पडली की घरात भांडण, चपलेवर चप्पल चढली की प्रवास. नव्या इमारतीला, ट्रकच्या मागे, ट्रॅक्टरच्या खाली काळी चप्पल टांगली की दृष्ट लागत नाही. लग्नात करवल्या नवरदेवाचे जोडे लपवतात आणि पैसे घेतल्याशिवाय देत नाहीत. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारे आणि कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारे आपल्या ओळखीतही असतात.

दृष्ट टाळणारी चप्पल केवळ आपलीच नाही. इंग्लंडमध्ये जुनी घरं दुरुस्त करताना भिंतीत, धुराड्याशेजारी, छपराखाली दडवलेले जुने बूट मिळतात. नॉर्थॅम्प्टन हे तिथलं चांभारकामाचं जुनं शहर. तिथल्या संग्रहालयात अशा सापडलेल्या बुटांची नोंदवही आहे आणि तिच्यात हजाराहून जास्त नोंदी आहेत. बहुतेक बूट एकेकटे, झिजलेले, त्यांत लहान मुलांचेही पुष्कळ. ते का दडवले, हे त्या काळच्या कुणी लिहून ठेवलेलं नाही. एक तर्क मात्र पटतो. अंगावरच्या सगळ्या वस्तूंत जोडा असा आहे, की तो काढल्यावरही घालणाऱ्याच्या पायाचा आकार धरून राहतो. तेव्हा घराच्या तोंडाशी माणसाऐवजी त्याचा जोडा पहाऱ्याला ठेवायचा. इजिप्तमधल्या रोडोपिसची सपात गरुडाने राजाच्या मांडीवर टाकली, ही स्ट्रॅबोने लिहून ठेवलेली गोष्ट, नवव्या शतकातली चीनच्या ये शियेनची सोन्याच्या जोड्याची गोष्ट आणि फ्रान्सच्या पेरोने १६९७ साली छापलेली काचेच्या बुटाची सिंड्रेला, या तिन्ही गोष्टी याच जाणिवेवर उभ्या आहेत. जोड्यावरून माणूस ओळखता येतो.

एका समजुतीवर मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवतात. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि त्याचं श्रेय चपलेला जातं. त्या वेळी माणसाला कुशीवर वळवावं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवाव्यात, तोंडात काही घालू नये, आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर दवाखाना गाठावा. चपलेचा तिथे काही उपयोग नाही.

चपलेचा खरा औषधी उपयोग वेगळाच आहे आणि तो उशिरा कळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये आर्थर लूस हे शास्त्रज्ञ अंकुशकृमींवर काम करत होते. अळ्या असलेलं पाणी चुकून त्यांच्या हातावर सांडलं, तिथे खाज सुटली, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात कृमींची अंडी दिसली. हे जंत तोंडावाटेच शरीरात जातात असं तोवर मानलं जाई. ते कातडीतूनही शिरतात, म्हणजे दूषित मातीत अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यातून शिरतात, हे त्यातून उलगडलं. आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या या जंतांमुळे माणसं पिवळी पडत, थकत आणि लोक त्यांना आळशी म्हणत. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ पासून त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम झाली, तिच्यात औषधाइतकाच भर संडासावर आणि बुटांवर होता. ज्यांना वहाण नाकारली गेली त्यांच्याकडून नुसता मान नाही, रक्तसुद्धा हिरावलं गेलं, हे लक्षात घ्यायला हवं.

स्वस्त जोडा सर्वांपर्यंत पोचला तो यंत्रामुळे. सूरिनाममध्ये जन्मलेल्या जॅन मॅट्झेलिगर या कृष्णवर्णीय कारागिराने १८८३ साली अमेरिकेत एका यंत्राचं पेटंट घेतलं. बुटाचं वरचं चामडं कळबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून तळाला बसवायचं काम ते यंत्र करी. हाताने दिवसाला पन्नास जोड व्हायचे, यंत्राने सातशेपर्यंत गेले. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बूट करणाऱ्या बाटा कंपनीचं बाटानगर उभं राहिलं. पुढे रबरी स्लिपर आली आणि शेतमजुराच्या पायातही काहीतरी आलं.

या सगळ्यात आपली कोल्हापुरी टिकून आहे, हे मला थोर वाटतं. तिकडच्या बोलीत तिला पायताण म्हणतात. कापशी हा तिचा एक नामांकित प्रकार गावाच्या नावावरून आला. तिचं चामडं तयार व्हायलाच कित्येक आठवडे लागतात. म्हशीचं कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचं. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात ते पाणी भरून ती टांगून ठेवत. रंगाला रसायन नाही, तो सालीचा. मग रापीने तळ कापायचा, थरावर थर ठोकून बसवायचा, आरीने भोकं पाडून चामड्याच्याच वादीने शिवायचा. खिळा कुठेही लागत नाही. दोन्ही बाजूंचे कान, त्यांतून जाणारा पट्टा, अंगठा, आणि वर बारीक चामड्याची वेणी. कापणं आणि तळ बसवणं बहुधा पुरुषांकडे, तर वेणी घालणं आणि वरचं शिवणकाम घरातल्या बायकांकडे. विकताना मात्र त्या बाईचं नाव कुठेच येत नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत, म्हणजे अथणी-निपाणीच्या कारागिरालाही हे नाव लावायचा तितकाच हक्क आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीचे मॉडेल्स अंगठ्याची तशीच चप्पल घालून चालले आणि मुळाचा उल्लेख नव्हता. इथून ओरड झाल्यावर कंपनीला तिच्यामागची भारतीय कारागिरी मान्य करावी लागली. आपण रागावलो ते योग्यच झालं. पण त्याच काळात आपल्या बाजारात रेक्झिनच्या नकली ‘कोल्हापुरी’चे ढीग होते आणि आपण ते निमूट विकत घेत होतो.

तेव्हा पुढच्या वेळी जोडी घ्याल तेव्हा ती उलटी करून बघा. वादीची शिवण आहे का, खिळे किंवा नुसता डिंक तर नाही ना, चामड्याचा वास येतो का, हे तपासा. पहिले काही दिवस ती चावेल, तेल लावा, पावसाळ्यात बाहेर काढू नका. शक्य असेल तर करणाऱ्या घरातूनच घ्या, वेणी कुणी घातली ते विचारा, आणि सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका.